दफनभूमीत स्मारक आहे, माणूस मात्र नाही (इलिनॉयचा गव्हर्नर कोल्स)

मिसिसिपीकाठी

गेल्या शनिवारी मुलाची सॉकरची मॅच एडवर्ड्सव्हिलला होती. सेंट लुईसहून नदी ओलांडली की अर्ध्या तासावर हे गाव. दोन मॅचेसच्या मधे दोन तास मोकळे. बायको म्हणाली, उन्हात खुर्चीवर भाजून निघण्यापेक्षा जरा फिरून या. म्हणून १५७ नंबरच्या रस्त्याने निघालो, तर दफनभूमीच्या आवारात एक स्मारक दिसलं. एडवर्ड कोल्स, इलिनॉयचा दुसरा गव्हर्नर.

अकरा वर्षं झाली इकडे येऊन. या रस्त्याने शंभरदा तरी गेलो असेन, कधी थांबलो नव्हतो. इथे फलक आणि स्मारकं इतकी असतात की आपल्याकडच्या ‘घाट सुरू’सारखी डोळ्यांआडून निघून जातात. पण या खेपेला वेळ होता. घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस तिथे पुरलेला नाहीच. तो १८६८ साली फिलाडेल्फियात वारला आणि तिथल्याच वुडलंड्स दफनभूमीत आहे. स्मारक इथे का, तर त्याची कर्मभूमी ही.

थोडक्यात सांगतो. जन्म १७८६, व्हर्जिनियातलं बडं जमीनदार घराणं. वडिलांच्या पश्चात वाटणीत शेत आलं आणि शेताबरोबर गुलामही आले. कॉलेजात असतानाच याने मनाशी ठरवलं होतं की माणसावर माणसाची मालकी असूच शकत नाही. वडील होते तोवर मात्र घरात चकार शब्द काढला नाही, नाहीतर वाटणीत गुलाम दिलेच नसते. पुढे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचा खाजगी सचिव झाला (मॅडिसनबाईंशी आतेमामेपैकी नातं होतं). मग १८१९ च्या वसंतात सगळ्यांना घेऊन इलिनॉयकडे निघाला. पेनसिल्व्हेनियात दोन सपाट बुडाचे पडाव विकत घेतले. पिट्सबर्गच्या पुढे ओहायो नदीत पडाव संथ वाहत असताना सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही मोकळे. वाटलं तर माझ्याबरोबर चला, वाटलं तर इथेच काठाला उतरा.

तो लिहितो की आधी कुणाच्या तोंडून शब्दच फुटला नाही. मग कुणी हसायला लागलं, कुणी रडायला.

बाकी गव्हर्नरकीचं राजकारण आणखी मसालेदार आहे, ते प्रतिसादांत लिहीन. इथे कुणी ते स्मारक पाहिलंय का?

आळूवडी

वाचतेय. पण एक बाळबोध शंका. हे गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखे का? शपथविधी, चहापान आणि अधूनमधून वादग्रस्त पत्र?

मिसिसिपीकाठी

@आळूवडी नाही हो, इथला गव्हर्नर निवडून येतो, कारभार तोच पाहतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. मात्र इलिनॉयच्या १८१८ च्या घटनेत बिचाऱ्याचे हात बरेच बांधलेले होते. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. विधेयक परत पाठवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांबरोबर बसून ठरवायचं, एकट्याला अधिकार नाही.

वकीलबुवा

रोचक. पण इलिनॉय तर ‘फ्री स्टेट’ होतं ना? १७८७ च्या ऑर्डिनन्सने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखात गुलामगिरीला बंदीच घातली होती. मग कोल्सला लढायला काय उरलं?

जुनाट_नकाशा

@वकीलबुवा कागदावर बंदी होती. आता प्रत्यक्षातलं ऐका.

एक, जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे गुलाम तसेच राहिले. दोन, ‘करारबद्ध नोकर’ नावाची पळवाट होती. अक्षर न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा आणि त्याला तीस-चाळीस वर्षं बांधून ठेवायचं. तीन, शॉनीटाउनजवळच्या मिठाच्या भट्ट्यांवर बाहेरून गुलाम आणून राबवायला १८१८ च्या घटनेनेच १८२५ पर्यंत सूट दिली होती. गंमत बघा, गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते निनियन एडवर्ड्स. आधी टेरिटरीचे (राज्याचा दर्जा मिळण्याआधीच्या इलिनॉयचे) गव्हर्नर, मग राज्याचे तिसरे गव्हर्नर. ते स्वतः गुलामांचे मालक. त्यांच्या पुतळ्यावरून २०२० साली एडवर्ड्सव्हिलमध्ये बरंच रण माजलं होतं. म्हणजे गावाला नाव एका गव्हर्नरचं आणि गावाबाहेर दफनभूमीत स्मारक दुसऱ्याचं.

शिवाय नदीपलीकडे मिसूरी १८२१ मध्ये गुलामांचं राज्य म्हणून संघात आलं. १८१९ च्या मंदीने इलिनॉयवाले आधीच टेकीला आलेले. पैसेवाले दक्षिणी लोक गुलामांचे तांडे घेऊन डोळ्यांदेखत इलिनॉयमधून मिसूरीला जात होते. त्यामुळे ‘आपण बंदी उठवली तर हा पैसा इथे थांबेल’ असा हिशेब बऱ्याच जणांनी मांडला.

मिसिसिपीकाठी

@जुनाट_नकाशा धन्यवाद, माझं अर्धं काम केलंत. आता निवडणूक.

१८२२ साली चौघे उभे होते. कोल्स २,८५४, फिलिप्स २,६८७, ब्राऊन २,४४३, मूर ६२२. फिलिप्स आणि ब्राऊन दोघेही गुलामगिरीवाल्यांचे. दोघांची बेरीज केली तर कोल्स चारीमुंड्या चीत. पण मतं फुटली आणि हा १६७ मतांनी आला. पस्तिशीतला अविवाहित माणूस, गावात येऊन तीन वर्षं झालेली. त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती. एडवर्ड्सव्हिलच्या जमीन कार्यालयात तो रजिस्ट्रार होता. नवी जमीन घ्यायला येणारा प्रत्येकजण त्याच्या टेबलापुढून गेलेला.

तिसरी_घंटा

मतविभाजन! हे आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही 😄

मिसिसिपीकाठी

@तिसरी_घंटा पुढचं ऐका, मग आणखी घरच्यासारखं वाटेल.

डिसेंबर १८२२ मध्ये राजधानी व्हँडेलियात याने पहिलंच भाषण केलं. त्यात सरळ मागणी की उरलीसुरली गुलामगिरीही बंद करा. विधिमंडळात विरोधकांचं बहुमत. त्यांनी ठरवलं की घटना बदलून गुलामगिरीला मोकळीक द्यायला नवी परिषद बोलवायची. त्यासाठी जनमत घ्यावं लागे आणि जनमत घ्यायला सभागृहात दोन-तृतीयांश मतं लागत. एक मत कमी पडत होतं. पाइक काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) हॅन्सन आणि शॉ यांच्या निवडणुकीचा वाद होता. सभागृहाने आधीच हॅन्सनला विजयी ठरवून बसवलेलं. आता हॅन्सनने विरोधात मत दिलं. झालं! सभागृहाने आपलाच निर्णय फिरवला, अधिवेशनाच्या मध्येच हॅन्सनला उठवलं आणि शॉला आणून बसवलं. शॉने हवं तसं मत दिलं, ठराव मंजूर. त्या रात्री व्हँडेलियात मशाली घेऊन मिरवणूक निघाली आणि गव्हर्नरच्या दारापुढे येऊन लोकांनी शिव्याशाप घातले.

तिसरी_घंटा

घ्या. आणि लोक म्हणतात पूर्वीचं राजकारण सुसंस्कृत होतं.

निवांत

मस्त धागा. जनमताचं काय झालं? की ‘क्रमशः’ आहे?

मिसिसिपीकाठी

@निवांत क्रमशः नाही, जेवायला उठलो होतो.

प्रचार दीड वर्ष चालला. कोल्सने चार वर्षांचा पगार, एकूण ४,००० डॉलर, या लढ्यात घातला. व्हँडेलियाचं वर्तमानपत्र सहकाऱ्यांबरोबर ताब्यात घेतलं. फिलाडेल्फियाहून मित्रांनी छापील पत्रकं पाठवली. मॉरिस बर्कबेक नावाचा इंग्रज वसाहतवाला टोपणनावाने पत्रं लिहीत होता. २ ऑगस्ट १८२४ ला मतदान झालं. परिषद हवी म्हणणारे ४,९७२, नको म्हणणारे ६,६४०. फरक १,६६८ चा. गव्हर्नरच्या निवडणुकीत एकूण साडेआठ हजारांच्या आसपास मतं पडली होती, इथे साडेअकरा हजारांवर गेली. घरोघरची माणसं बाहेर काढली होती लोकांनी.

खडूफळा

मी इतिहास शिकवते (पुण्यात, आता निवृत्त), म्हणून दोन शब्द. ६,६४० मतं पडली म्हणजे ६,६४० माणसांना गुलामांचा कळवळा होता असं समजू नका. कित्येक छोटे शेतकरी दक्षिणेतून आलेले होते. मोठ्या जमीनदारांच्या गुलामांपुढे आपल्या मजुरीची किंमत राहत नाही हे त्यांनी तिकडे भोगलं होतं. त्यांना गुलाम नको होते आणि मुक्त काळे शेजारीसुद्धा नको होते. त्याच इलिनॉयने १८५३ मध्ये काळ्या माणसांना राज्यात राहायला येण्यास बंदी करणारा कायदा केला. तो रद्द झाला १८६५ ला. जुन्या करारबद्ध गुलामीला घटनेत पूर्ण मनाई यायला १८४८ उजाडलं. म्हणून स्मारकांवर ‘अमक्याने राज्य वाचवलं’ असं लिहिलेलं दिसलं की मी आधी ‘कोणासाठी वाचवलं’ हे विचारते. वर्गातही विचारायचे.

पायवाट

+१ खडूफळाताई.

मला तर पडावावरचा प्रसंगच खटकला. वर्षानुवर्षं ठरवलं होतं म्हणता, मग घरून निघताना का नाही सांगितलं? मधल्या नदीत सगळ्यांना गोळा करून जाहीर करणं हे थोडं नाटकी नाही का? आणि हा प्रसंग कळतो तो त्याच्याच लेखणीतून, तोही बऱ्याच वर्षांनी लिहिलेला. त्या पडावातल्या दुसऱ्या कुणी काय पाहिलं, काय वाटलं, ते कुणी लिहून ठेवलं?

वकीलबुवा

@पायवाट नाटकी असेल, पण त्याला कायद्याची बाजूही आहे. व्हर्जिनियात १८०६ पासून नियम होता की मुक्त केलेल्या माणसाने बारा महिन्यांत राज्य सोडायचं. म्हणजे तिथेच मुक्त केलं तर त्यांना घरदार सोडून हाकललं जाणार. घेऊन जाणं भागच होतं. आणि शेजारीपाजारी, भाऊबंद सगळे विरोधात. आधी बोभाटा झाला असता तर वाटेत अडथळे आले असते.

पायवाट

@वकीलबुवा मान्य. पण ज्यांना घेऊन चाललाय त्यांना तरी सांगता आलं असतं. महिनाभर खडखडणाऱ्या गाडीतून, मग पडावातून चाललेत, कुठे आणि का हे माहीत नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर विकायलाच नेताहेत असं वाटलं असतं.

मिसिसिपीकाठी

@पायवाट हा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. खरंय.

त्यांची नावं तरी देतो, माझ्या पहिल्या लेखात एकही नाव नाही हे आत्ता जाणवलं. राल्फ आणि केट क्रॉफर्ड आणि त्यांची चार मुलं. रॉबर्ट आणि पॉली क्रॉफर्ड हे भाऊ-बहीण. नॅन्सी गेन्स. थॉमस कॉब. इलिनॉयला स्थायिक झालेले हे दहाजण. प्रत्येकाला १६० एकर जमीन दिली. ४ जुलै १८१९ ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच, मुक्ततेचे कागद केले.

वकीलबुवा

आणि त्या कागदांवरूनच त्याच्यावर खटला झाला, हे राहिलं तुमचं.

इलिनॉयने मार्च १८१९ मध्ये कायदा केला होता की बाहेरून गुलाम आणून मुक्त करणाऱ्याने माणशी १,००० डॉलरचा जातमुचलका द्यायचा. न दिल्यास माणशी २०० डॉलर दंड. कायदा झाला तेव्हा कोल्सची मंडळी व्हर्जिनियातून निघत होती. तो छापून लोकांपर्यंत पोचायच्या आधीच याने कागद करून टाकले. पाच वर्षं कुणाला आठवण नव्हती. जनमताची लढाई ऐन भरात आली तेव्हा विरोधकांनी तो उकरून काढला. दहा माणसं गुणिले दोनशे, २,००० डॉलर दंड. पुढे विधिमंडळाने कायदा करून सूट दिली, तरी खालच्या न्यायाधीशाने ती मानली नाही. शेवटी १८२६ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

खटला कुणी भरला? मॅडिसन काउंटीने. काउंटीला नाव कुणाचं? ज्याच्या हाताखाली कोल्सने पाच-सहा वर्षं काढली त्याच अध्यक्षांचं.

आळूवडी

अरे देवा 😄 मॅडिसनसाहेबांनी स्वतःच्या गुलामांचं काय केलं?

जुनाट_नकाशा

@आळूवडी काही नाही. कोल्स मॅडिसनच्या म्हातारपणापर्यंत त्यांच्या मागे लागला होता की निदान मृत्युपत्रात तरी मुक्त करा. १८३६ मध्ये मॅडिसन गेले, मृत्युपत्रात मुक्तता नव्हती.

आणि माजी अध्यक्ष जेफरसनची गोष्ट तर शाळेत शिकवण्यासारखी. ३१ जुलै १८१४ ला सत्तावीस वर्षांच्या कोल्सने जेफरसनला पत्र लिहिलं. आशय असा की तुम्ही स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिलात, तुमच्या शब्दाला वजन आहे, आता गुलाममुक्तीचं काम तुम्ही हाती घ्या. २५ ऑगस्टला उत्तर आलं. जेफरसन एकाहत्तर वर्षांचे. म्हणे हे काम तरुणांचं, माझ्या तर फक्त प्रार्थना बरोबर आहेत. वर सल्ला की तूही गुलाम आणि व्हर्जिनिया सोडून जाऊ नकोस. कोल्सने सप्टेंबरात पुन्हा लिहिलं आणि फ्रँकलिनचं उदाहरण दिलं. तुमच्याहून वयाने मोठा असताना त्या माणसाने हे काम केलं होतं. फ्रँकलिनने १७९० मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही केली होती आणि तो अर्ज काँग्रेसपुढे गेला होता.

अवांतर: हाच कोल्स १८११ मध्ये भावाबरोबर माजी अध्यक्ष जॉन ॲडम्सना भेटायला गेला होता. ॲडम्स आणि जेफरसन यांचं तेव्हा बोलणं बंद. गप्पांत ॲडम्स बोलून गेले की जेफरसनवर माझं नेहमीच प्रेम होतं आणि अजूनही आहे. ते वाक्य फिरत फिरत जेफरसनच्या कानावर गेलं आणि १८१२ पासून दोघा म्हाताऱ्यांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला.

निवांत

हे अवांतरच धाग्यातलं सगळ्यात भारी.

पायवाट

मराठी संबंध कुणीच आणला नाही म्हणून मी आणते. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं. पुस्तक मराठीत, पण अर्पणपत्रिका इंग्रजीत. ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांच्या गुलामगिरीच्या प्रश्नी त्यांनी निरपेक्षपणे झीज सोसली म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी गिरवावा अशी इच्छा. कोल्स त्याआधी पाच वर्षं गेलेला. एडवर्ड्सव्हिलच्या दफनभूमीत उभं राहून ती अर्पणपत्रिका आठवली तर अंगावर काटा येईल, माझ्या तरी.

तिसरी_घंटा

@पायवाट जरा ओढूनताणून वाटतंय. फुल्यांपुढे यादवी युद्ध होतं, त्यात मेलेली लाखो माणसं होती. इलिनॉयचा हा गव्हर्नर त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असं मानायला काही आधार नाही.

पायवाट

@तिसरी_घंटा कोल्स त्यांच्या डोळ्यांपुढे होता असं मी म्हटलंच नाही. म्हणायचं एवढंच की पुण्यात बसलेला माणूस अमेरिकेकडे बघून स्वतःच्या गावातल्या दोऱ्या ओळखतो. आणि आपण अमेरिकेत बसून फलकांपुढून गाडी काढतो. माझ्या ओळखीत इथे वीस-वीस वर्षं राहिलेले लोक आहेत, ‘ह्यांचं ते गोरं-काळं आपल्याला काय करायचंय’ म्हणणारे. गावाकडच्या वेशीबाहेरच्या वस्तीबद्दलही ते हेच म्हणायचे.

खडूफळा

@पायवाट हे वाक्य जरा लागलं. बरोबर आहे, पण लागलं.

मिसिसिपीकाठी

@पायवाट त्या लोकांत मीही आलो, अकरा वर्षांचा. मान्य करतो.

यादवी युद्धाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. गव्हर्नरकी संपल्यावर कोल्सने १८३१ मध्ये काँग्रेसची निवडणूक लढवली आणि हरला. फिलाडेल्फियाला गेला, १८३३ ला लग्न केलं, सुखात राहिला. त्याचा एक मुलगा, रॉबर्ट्स, व्हर्जिनियातल्या नातलगांकडे जाऊन राहिला होता. युद्ध लागलं तेव्हा तो गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात भरती झाला आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये रोअनोक बेटावरच्या लढाईत मारला गेला. बाप तेव्हा पंचाहत्तरीचा. यानंतर तो आणखी सहा वर्षं जगला, गुलामगिरी संपलेली पाहिली.

मी हे वाचलं तेव्हा मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता. उठून एकदा बघून आलो. का ते विचारू नका.

आळूवडी

💔

निवांत

त्या भागात पुढच्या महिन्यात येतोय. एका दिवसात आणखी काय बघता येईल?

जुनाट_नकाशा

@निवांत त्याच काउंटीत नदीकाठी आल्टन आहे. तिथे इलायजा लव्हजॉय या संपादकाचं उंच स्मारक आहे. गुलामगिरीविरुद्ध लिहितो म्हणून जमावाने त्याचे छापखाने पुन्हा पुन्हा फोडले आणि ७ नोव्हेंबर १८३७ ला त्यालाच गोळ्या घातल्या. म्हणजे कोल्सच्या विजयानंतर तेरा वर्षांनी, त्याच काउंटीत. लिंकन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी डग्लस यांचा शेवटचा जाहीर वादविवादही आल्टनलाच, १५ ऑक्टोबर १८५८. वेळ असेल तर व्हँडेलिया आणि स्प्रिंगफील्ड. स्प्रिंगफील्डच्या कॅपिटॉलमध्ये (विधानभवनात) पडावावरच्या त्या प्रसंगाचं भित्तिचित्र आहे. पायवाट यांनी ते जरूर बघावं, मग बोलू.

खडूफळा

मी वर्गात एक खेळ घ्यायचे, तो इथे घेऊ या. गावात रस्त्याकडेला फलक लावायचा आहे. पत्रा छोटा आहे, चार ओळींहून जास्त मजकूर मावत नाही. कोल्सचा फलक तुम्ही कसा लिहाल?

तिसरी_घंटा

‘विरोधकांची मतं फुटल्यामुळे निवडून आला. पुढे विरोधकांनाच पुरून उरला.’

वकीलबुवा

‘माणसं मुक्त केल्याबद्दल २,००० डॉलर दंड झालेला गव्हर्नर. दंड नंतर रद्द.’

आळूवडी

‘जेफरसनला न जमलेलं काम याने केलं.’ एकच ओळ. उरलेल्या जागेत फुलांच्या कुंड्या.

पायवाट

‘येथून जवळ राल्फ व केट क्रॉफर्ड, रॉबर्ट व पॉली क्रॉफर्ड, नॅन्सी गेन्स, थॉमस कॉब आणि चार मुले १८१९ मध्ये मुक्त नागरिक म्हणून येऊन राहिली. त्यांच्याबरोबर आलेला एडवर्ड कोल्स पुढे या राज्याचा गव्हर्नर झाला.’

खडूफळा

@पायवाट दहापैकी दहा. चार ओळींत बसतंय का ते तेवढं पाहा.

जुनाट_नकाशा

@मिसिसिपीकाठी एक दुरुस्ती. तुम्ही वर लिहिलंय ‘प्रत्येकाला १६० एकर’. प्रत्येकाला नव्हे, प्रत्येक कुटुंबप्रमुखाला. मुलांना जमीन नव्हती.

मिसिसिपीकाठी

@जुनाट_नकाशा बरोबर. संपादनाची वेळ उलटून गेली, त्यामुळे वरचं तसंच राहणार. वाचणाऱ्यांनी इथलं खरं धरावं.